साहेबांना सूट होती

सिंगापुरात मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की नवीन माणसाला पहिला प्रश्न येतो, "कुठे असता?" म्हणजे कुठल्या कंपनीत. बँक म्हटलं की मान डोलते, सॉफ्टवेअर म्हटलं की जरा जास्त डोलते. मी एकदा खरं सांगितलं, "मी अमेरिकेतल्या न्यायाधीशांच्या पिस्तुलांवर काम करते." विचारणारे गृहस्थ हातात बटाटेवडा धरून तसेच उभे राहिले. मग "इंटरेस्टिंग" म्हणाले आणि चटणी घ्यायला म्हणून जे गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून मी "लीगल रिसर्च" म्हणते. लोकांना लगेच कंटाळा येतो आणि मला माझा वडा शांतपणे खाता येतो.

पण मी काही खोटं सांगितलं नव्हतं. चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या ऑफिसात अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांची बिलं, म्हणजे कायद्यांचे मसुदे, वाचतात आणि ज्यांना वेळ नाही अशा वकिलांसाठी त्यांचा सारांश लिहितात. विषय वाटून दिलेले आहेत. माझ्या शेजारची मुलगी पिकांवरच्या औषधांच्या कायद्यांत बुडालेली असते. माझ्याकडे पिस्तुलं आणि न्यायाधीशांची सुरक्षा. हे दोन विषय हल्ली एकमेकांत इतके मिसळलेत की वेगळे काढता येत नाहीत. एका राज्यात बिल येतं, न्यायाधीशाला कमरेला पिस्तूल लावून कोर्टात बसू द्या. दुसरीकडे येतं, त्याच्या घराचा पत्ता सरकारी नोंदींतून काढून टाका, म्हणजे शिक्षा झालेल्याचे भाऊबंद दारात येणार नाहीत. मग कुणीतरी उठतो आणि दुरुस्ती सुचवतो, निवृत्त झालेल्यांचं काय? त्यांचे शत्रू काय त्यांच्याबरोबर निवृत्त होतात? मग "निवृत्तांसह" एवढा एक शब्द आत येतो. त्या एका शब्दावर मी आठवडाभर पोट भरते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी त्या पायरीवरच लहानाची मोठी झाले. माझे वडील न्यायाधीश होते. दर तीन वर्षांनी बदली, नवं गाव, नवं सरकारी क्वार्टर, आणि प्रत्येक गावात तोच नियम: आपण कुणाकडे जायचं नाही, कुणी आपल्याकडे यायचं नाही. कारण आज ज्याच्याकडे चहा प्यायलो, उद्या त्याचाच दावा समोर आला तर? आईने कधी शेजारणीकडे वाटीभर साखर मागितली नाही. हळदीकुंकवाची बोलावणी यायची, आई दारातच हसून नाही म्हणायची आणि आत येऊन उगीच भांडी आपटायची. दिवाळीत मिठाईचे खोके यायचे, ते बांधलेल्या दोऱ्यासकट परत जायचे. मी त्या खोक्यांकडे ज्या नजरेने बघायचे ती नजर एखाद्या आरोपीलाही शोभली नसती. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा काय करतात? "सरकारी नोकरी" असं उत्तर द्यायचं असं मला शिकवलेलं होतं. चाळिशी उलटली तरी मी तेच करते आहे, फक्त आता इंग्रजीत.

रिव्हॉल्व्हर आलं ते बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात. वाळूच्या धंद्यातल्या एका दांडगटाला त्यांनी खुनाच्या प्रयत्नात शिक्षा सुनावली, तेव्हा तो भर कोर्टात ओरडला होता, "बाहेर आलो की बघतो." काही दिवस दाराशी बंदूकधारी पोलीस होता. पोलीस गेला तेव्हा वरिष्ठांच्या आग्रहाखातर बाबांनी परवाना काढला आणि एक छोटं, काळं, जड रिव्हॉल्व्हर आमच्या लोखंडी कपाटात आईच्या पैठणीखाली राहायला आलं. बाबांनी ते कधी चालवलं नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, आई ते बाहेर काढायची, विळी, अडकित्ता आणि माझ्या जुन्या कंपासपेटीच्या शेजारी पाटावर ठेवायची आणि हळदकुंकू वाहायची. नंतर बाबा रुमालाने ते कुंकू पुसत बसायचे, कारण ते म्हणे आत गेलं की बिघडतं. घरातल्या हत्यारांत विळीनेच काय ती कुणाला इजा केली असेल.

तो दांडगट यथावकाश सुटून आला. आता आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर, त्याची रसवंती आहे. बाबा दिसले की तो घुंगरांचं चाक थांबवून हात जोडतो. म्हणजे ज्याच्यासाठी रिव्हॉल्व्हर घेतलं तो शत्रूही संपला.

आई गेल्यावर बाबा त्या गावात एकटे राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी तिथे घर बांधलं, कारण सोलापूरकडची हवा त्यांना मानवते. पण सवय कुठे सुटते? शेजारी आहेत, चांगले आहेत, पण त्यांना वाटतं साहेबांना माणसं आवडत नाहीत. साहेबांना वाटतं, बोलावल्याशिवाय कसं जायचं, आणि बोलावलं तरी कसं जायचं. आयुष्यभर दार लावून घेतलेल्या माणसाला ते उघडतं कुठून हेच आठवत नाही.

मी तरी काय वेगळी होते? सिमेईला एका चिनी विधवा आंटीच्या फ्लॅटमध्ये माझी एक खोली आहे. करारात "लाइट कुकिंग" असं लिहिलेलं आहे, त्याचा अर्थ फोडणी द्यायची नाही. मोहरी तडतडली की आंटी टीव्हीचा आवाज वाढवते. लग्न मी केलं नाही, आणि ते का केलं नाही असं विचारणारे आता थकलेत. शनिवारी मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, लिटिल इंडियात जाते. कढीपत्ता सिमेईलाही मिळतो. मी जाते ते कानांवर मराठी पडावं म्हणून. एकदा तिथल्या त्या चोवीस तास उघड्या मोठ्या दुकानात एक नवरा-बायको मिक्सरवरून भांडत होते, "तुझ्या आईने सांगितलं म्हणून साडेसातशे वॉटचा घ्यायचा का?" मी त्यांच्या मागे मागे थेट बिलाच्या रांगेपर्यंत गेले. इतकं गोड भांडण मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्यांनी मिक्सर घेतला नाही, मी मात्र नको असलेली किसणी घेऊन आले.

रोज ऑफिसातून आल्यावर मी खालच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, जेवते आणि बाबांना फोन लावते. तिथे तेव्हा त्यांची चहाची वेळ असते. दोन वर्षं हे बोलणं ठीक चाललं होतं. मग बाबांच्या बोलण्यात दोन शब्द घर करून बसले. घराला रंग काढू या का? "आता कशाला." चष्म्याचा नंबर तपासून घ्या. "आता कशाला." सिंगापूरला या दोन महिने, व्हिसा मी काढते. "आता कशाला गं." मी भडकायचे. माझ्या नाकावर राग असतो हे आई म्हणायचीच. पण एके दिवशी ते म्हणाले, "आंबा यंदा मोहरला नाही, बरंच झालं, आता कशाला," आणि मला भडकता आलं नाही.

कारण दिवसभर मी वाचत कशाबद्दल होते? घरातल्या पिस्तुलांबद्दल. त्या आठवड्यात माझ्याकडे एका राज्याचं मोठं बिल होतं. न्यायाधीशांना, निवृत्तांसह, पिस्तूल जवळ बाळगता यावं म्हणून. दाराला कॅमेरा, पत्ता गुप्त, प्रशिक्षण, कुठे नेता येईल, कुठे नाही, सगळं कलमवार. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात कुलपं होती, कुंपणं होती, पण घरात एकटाच माणूस असेल तर काय, हे कुठेच नव्हतं. कायद्याला धोका नेहमी बाहेरून येताना दिसतो. दारावरची बेल वाजवून येतो. ज्याच्या घराची बेलच कुणी वाजवत नाही त्याचं काय करायचं, हे कुठल्याच विधिमंडळाला सुचलेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं माझं झालं होतं. साऱ्या अमेरिकेतल्या निवृत्त न्यायाधीशांच्या पिस्तुलांचा हिशोब मी ठेवत होते आणि माझ्या घरातलं एक पैठणीखाली पडलेलं होतं.

मला भीती वाटत होती. स्पष्टच लिहिते: बाबा एखाद्या दिवशी ते स्वतःवर चालवतील अशी भीती मला वाटत होती. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कुणाला, आंटीला? बाबांना विचारायचं तर शब्दच सापडेनात. मी आडून आडून जायचे. "कपाट आवरलंत का? त्यातल्या नको त्या वस्तू काढून टाका." ते म्हणायचे, "आईच्या साड्या आहेत, राहू देत." "आणि ते?" "ते काय?" "तेच ते." "ते आहे जागेवर," बाबा म्हणायचे आणि हवामानावर घसरायचे. उलटतपासणीत माझ्या बापाला कोण हरवणार?

मग निवडणूक लागली. आपल्याकडे आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. बाबांनी फोनवर सहज सांगितलं, "रिव्हॉल्व्हर जमा करून आलो आज." मी हॉकर सेंटरवर नूडल्स खात होते. चॉपस्टिक खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. समोरच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "व्हेरी स्पायसी, आह?" मी मान हलवली. ते दीड-दोन महिने मी निवांत झोपले. भारतातल्या लोकशाहीवर माझ्याइतकं मनापासून प्रेम त्या दिवसांत कुणी केलं नसेल. निवडणूक पुढे ढकलली जावी, फेरमतदान व्हावं, कोर्टात स्थगिती यावी, असं मी देवाला सांगत होते.

निकाल लागले, गुलाल उधळून झाला. मी रोज विचारू लागले, "आणलंत का?" "अजून दिलं नाही त्यांनी," बाबा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "गेलो होतो. उद्या या म्हणाले." परवा पुन्हा. "बसवून ठेवलं बराच वेळ. चहा दिला. पण उद्याच या म्हणाले."

पहिले काही दिवस मला बरं वाटलं. पण मी या बापाची मुलगी आहे. हळूहळू डोकं तापायला लागलं. निवडणूक संपल्यावर शस्त्र परत करायचं असतं, हा काही उपकार नव्हे. आणि ज्या माणसाने जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्ती घेतली, ज्याच्यासमोर फौजदार घाम पुसत उभे राहायचे, त्याला तुम्ही रोज बाकावर बसवता आणि उद्या या म्हणता? त्यांचं वय काय, ऊन काय! एका दुपारी माझं टाळकं सटकलं. ऑफिसच्या पँट्रीत जाऊन, दार लोटून घेऊन, मी गावच्या पोलीस ठाण्याला फोन लावला. जे रिव्हॉल्व्हर घरी येऊ नये म्हणून मी नवस बोलत होते, तेच का देत नाही म्हणून भांडायला मी निघाले होते. हे माझ्या लक्षातही आलं नाही. वकिली डोकं हे असं असतं. नियम मोडलेला दिसला की आपलं भलं कशात आहे ते दिसत नाही.

जमा शस्त्रं सांभाळणारे हवालदार फोनवर आले. मी कोण, कुठून बोलते ते सांगितलं, नियम सांगितले, अधीक्षकांकडे तक्रार करीन हेही सांगितलं. पलीकडे ते शांतपणे ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "ताई, तुमचा काहीतरी घोळ होतोय बघा. आम्ही साहेबांना रोज म्हणतोय, न्या की साहेब, आमचं कपाट रिकामं करायचंय. साऱ्या गावाची नेली. साहेबांचंच तेवढं राहिलंय."

मी म्हटलं, "मग नेत का नाहीत ते?"

"उद्या नेतो म्हणतात. रोज येतात, घडीभर बसतात, चहा घेतात, आणि उद्या नेतो म्हणून जातात. आता साहेबांना कसं म्हणायचं, आजच न्या म्हणून?" मग जरा हसून ते पुढे म्हणाले, "आणि ताई, साहेबांना तर सूट होती. कुणाची हत्यारं जमा करायची ते ठरवणाऱ्या समितीने नाव वगळलं होतं त्यांचं, जमा करायची गरजच नव्हती. मीच म्हणालो, साहेब, राहू द्या तुमच्याकडं, तुमच्या जिवाला धोका असतो. तर म्हणाले, धोका आहे म्हणूनच जमा करतोय. सारं ठाणं हसलं ताई. साहेब लई मिश्किल."

मी त्यांचे आभार मानले. बहुधा मानले. फोन ठेवला तेव्हा पँट्रीतल्या गरम पाण्याच्या मशीनचा लाल दिवा हिरवा झाला होता आणि कुणीतरी माझ्या पलीकडून हात घालून कप भरून घेत होतं, "सॉरी आह, सॉरी." मी बाजूला सरकले. माझ्या बापाने आयुष्यात कधी थट्टा केल्याचं मला आठवत नाही. भर ठाण्यात, बंदूकधारी माणसांच्या समोर उभं राहून ते खरं बोलले होते, आणि सगळे हसले होते.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. मला वाटत होतं, हे मला सोडून कुणालाच सुचलेलं नाही. पण ज्याच्या घरात ते रिव्हॉल्व्हर होतं त्याला माझ्याआधीच सुचलं होतं. तो रोज त्या कपाटाशेजारी झोपत होता. निवडणुकीचं निमित्त झालं आणि त्याने ते घराबाहेर नेऊन टाकलं. आता ते घरी आणायचं टाळण्यासाठी तो भर उन्हात रोज ठाण्यात जात होता आणि खोटं बोलत होता, त्यांच्याशी आणि माझ्याशीही. मी इथे नूडल्स खात विचारत होते, आणलंत का, आणलंत का. माझा तो प्रश्न रोज कानांवर पडताना त्यांना काय वाटलं असेल?

मी काम अर्धवट टाकून बाहेर आले. बिझनेस पार्कात दुपारी बाहेर कुणी नसतं. तळ्याकाठच्या एका बाकावर बसून बाबांना फोन लावला. एवढ्या लवकर फोन आला म्हणून ते घाबरले. "काय झालं? बरी आहेस ना?"

मी म्हटलं, "बाबा, मी ठाण्यात फोन केला होता."

मागे त्यांच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"धोका आहे म्हणालात तुम्ही," मी म्हटलं. "मी हसले नाही बाबा. मला आधीपासून भीती वाटत होती. मला विचारता आलं नाही."

"मलाही सांगता आलं नाही," ते म्हणाले. मग घसा साफ केला, आणि निकालपत्र वाचतात त्या आवाजात, थांबत थांबत बोलू लागले. "आई गेल्यावर पहिले काही महिने काही नव्हतं. नंतर लक्षात आलं की रात्री मी कपाटाच्या किल्लीचा विचार करतो. किल्ली शेजारच्यांकडे द्यावी असं वाटलं. पण कशाला देता म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होतो? ओळख तरी किती आमची? निवडणूक लागली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं."

"परवाना परत करा. कायमचं जमा करता येतं ते. मी सांगते कसं."

"मला माहीत आहे कसं. दोनदा अर्ज लिहायला बसलो. हात होत नाही. आणि ते घरी न्यायलाही हात होत नाही. ठाण्यात गेलो की बरं वाटतं. चार माणसं असतात. साहेब म्हणतात, खुर्ची देतात. पण हवालदार आता रोज विचारतोय. चांगला माणूस आहे, त्याला किती दिवस अडकवायचं?"

मी रडत होते. ते ऐकू जात होतं का मला माहीत नाही. मी म्हटलं, "बाबा, मी येते. सुट्टी नाही दिली तर नोकरी गेली खड्ड्यात. आपण दोघं जाऊ ठाण्यात आणि ते तिथेच सोडून येऊ. मग डॉक्टरांकडे जाऊ. मी राहते तिथे."

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाला घरी या म्हटलेलं नाही. मी वाट बघत होते, की आता ते तिकिटाचं काहीतरी बोलतील, नोकरीचं, उन्हाचं. त्यांनी विचारलं, "कधी येशील?"

"शनिवारी. शनिवारी संध्याकाळपर्यंत घरी."

"शनिवार," ते म्हणाले, आणि जरा थांबून, अगदी हळू, "तोपर्यंत मला त्यांना 'उद्या' म्हणता येईल."